राक्षसाचं काजळ

काजळ आणायला माणूस पाठवला होता, तो बातमी घेऊन आला.

जत्रा तोंडावर आली होती आणि आमच्या नाटकाची रंगीत तालीम चालू होती. आमच्या गावात जत्रेला नाटक होतंच. नाटक कुठलंही असो, त्यात एक राक्षस असतो, आणि राक्षस कुठलाही असो, तो मीच असतो. देवानं मला आवाज दिला, पोट दिलं आणि डोळे वटारायची कला दिली. एवढ्या भांडवलावर मी आजवर कितीतरी देवांच्या हातून मेलो आहे, आणि टाळ्या दर वर्षी मारणाऱ्यापेक्षा मरणाऱ्यालाच जास्त पडल्या आहेत. त्या दुपारी तोंडाला गेरू फासून झाला होता, सफेद्यानं ओठ रंगवून झाले होते, भुवया तेवढ्या राहिल्या होत्या. राक्षसाचा सगळा जीव भुवयांत असतो. पण त्या काढायचं काजळ माझ्या पेटीत नसतं. ते असतं गावच्या बालवाडीच्या कोनाड्यात, एका पितळी डबीत, आणि दर वर्षी मला ते बालवाडीच्या अनसूयाबाईंकडून मागून आणावं लागतं. राक्षसाचं काजळ बालवाडीत काय करतं, तेच आज सांगायचं आहे.

तर मी सदाशिवला पाठवलं. सदाशिव म्हणजे आमची राणी. गडी नांगर धरणारा, पण कमरेत लवचीक. तो लुगड्याचा ओचा वर खोचून धावत गेला आणि हात हलवत परत आला.

“डबी कुठं हाये बे?” मी ओरडलो.

“भाऊ... बाई गेल्या.”

“गेल्या तं येतीन. भावानं अनसिंगले नेलं असन इलाजाले. डबी कोनाड्यातच राह्यते, हात घालाचा अन् काढाची!”

सदाशिवनं पदर तोंडाला लावला आणि मटकन खाली बसला. इतक्या वर्षांत रंगमंचावर राजा मेल्यावर या माणसाला एकदाही धड रडता आलं नव्हतं. त्या दिवशी आलं... आणि मग मला कळलं, बाई कुठं गेल्या ते.

मी होतो तसाच निघालो. लाल तोंड, पांढरे ओठ, भुवया नाहीत, बंडीच्या खिशात पुठ्ठ्याचे सुळे. बाईंच्या अंगणात बाया जमल्या होत्या, बालवाडीची पोरं आयांना बिलगून उभी होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोणीही हसलं नाही. त्या अंगणात असं एकच माणूस होतं जे मला या अवतारात पाहून खो खो हसलं असतं, “बाप्पा भाऊ, भुवया कुठं गहाण टाकल्या?” असं विचारलं असतं. आणि तेच माणूस आत घोंगडीवर निजलं होतं. मी दाराशी उभा राहिलो. त्या क्षणी मला माझ्या तोंडावरच्या रंगाची लाज वाटली नाही. उलट वाटलं, बरं झालं धुवून नाही आलो. बाईंनी मला असंच पाहिलं होतं, असंच कामाला लावलं होतं.

अनसूयाबाई मूळच्या अनसिंगच्या. अनसिंगची अनसूया, असं मी त्यांना चिडवायचो, आणि त्या म्हणायच्या, “तुमी कुठले मंग, राकसगावचे?” नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. शिरपूरला देवदर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी रस्त्यावर एक खानावळ होती, तिथं त्यांनी बरीच वर्षं रांधलं आणि वाढलं. त्यामुळं त्यांचा आवाज खानावळीचा होता. साधं “या, बसा” म्हणाल्या तरी वाटायचं, मोटार सुटायची वेळ झाली आहे. पुढं कुठूनतरी कळलं की लहान मुलांच्या शाळा निघणार आहेत आणि त्यासाठी बायांना शिकवून तयार करतात. मराठी चौथी झालेली होती, त्या जोरावर त्या काही महिने शिकून आल्या आणि आमच्या गावी नेमल्या गेल्या. तेव्हा आपला मुलूख अजून मध्यप्रदेशात होता. ब्लॉकचे साहेब जीपमधून आले, हार घालून घेतला, सरकी ठेवायच्या एका रिकाम्या खोलीला बालवाडी म्हणाले आणि धूळ उडवत निघून गेले. मागं राहिल्या बाई, एक घंटा, एक चित्रांचा तक्ता आणि मोठा पितळी गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. बाईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तक्ता गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आणि गंज खोलीच्या मध्यभागी ठेवला. “पोटात नाई तं डोक्यात कुठून जाईन?” म्हणाल्या.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं माझ्या घरावरूनच गेलं. मी शेतकरी माणूस. जऊळक्याच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेवर माझी तूर-कपाशी असते. खायची ददात कधी नव्हती. पण माझी बायको रुखमा हिची पहिली दोन लेकरं अंगणात धावायच्या वयाची होण्याआधीच गेली. तिसरी शेवंता. ती झाली तेव्हा रुखमानं मनाशी एक गाठ मारून घेतली, की या पोरीला जेवताना कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. आमच्याकडं ही रीत जुनीच आहे. लेकरू जेवताना परक्यानं पाहिलं की नजर लागते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, असं सगळेच मानतात. पण रुखमाच्या हातात ती रीत नव्हती, कुलूप होतं. दार बंद, खिडकीला पोतं, मधे शेवंता, आणि तिच्यावर रुखमाचा पदर तंबूसारखा. त्या तंबूत दुधात कुस्करलेली भाकर घासाघासानं कोंबली जायची. मलासुद्धा आत यायची बंदी होती. कारण मी खातापिता माणूस, आणि माझी नजर म्हणे जड.

आणि पोरगी वाळत चालली होती. तीन वर्षं उलटली तरी हातपाय तुरीच्या काड्यांसारखे. आवाज नाही, खेळ नाही. कडेवर घेतली तर वाटायचं, नुसतं झबलंच उचललं आहे. जऊळक्याहून आगगाडीनं वाशीमला नेली. डॉक्टरांनी पोट दाबलं, डोळे पाहिले आणि म्हणाले, “रोग काही नाही. हिला भूक लागेल असं करा.” आता भूक वाशीमच्या बाजारात कुठल्या दुकानात मिळते, ते त्यांनी सांगितलं नाही. परतीच्या गाडीत रुखमा पोरीला छातीशी धरून बसली होती. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, “ही बी जाते का हो?” मी राक्षस आहे, आकाश फाटेल असं ओरडू शकतो. पण तेव्हा मी नुसतं पोरीचं झबलं गुडघ्यावर ओढून नीट केलं.

तर अशात एके दुपारी अनसूयाबाई आमच्या दाराशी. दार अर्थातच बंद.

“रुखमाबाई, दार लावून काय करून राह्यल्या वं? सोनं पुरून राह्यल्या का?”

आतून उत्तर आलं, “पोरगी जेवून राह्यली.”

“जेवून राह्यली का चोरी करून राह्यली?”

मी ओट्यावर सुतळी वळत बसलो होतो. म्हणालो, “बाई, लेकराले आमी कोनासमोर जेवू घालत नाई. नजर लागते.”

“मंग रडू कायले देता सगळ्यासमोर? रडन्याले नाई लागत का नजर?”

मला हसू आलं, आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. पण बाई ओट्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. रुखमा बाहेर आल्यावर त्यांनी तिच्याशी कापसाच्या गोष्टी केल्या. वेचणीचे दिवस होते. शेतात लेकरू घेऊन जायचं म्हणजे त्याला बांधावर निजवायचं, ऊन सरकलं की लेकरू सरकवायचं, आणि येता-जाता तोंडात काहीतरी कोंबायचं. “त्यापेक्षा माह्याकडं ठेव. सकाळी आन, दुपार कलली की ने.” गावातल्या बऱ्याच बायांना हे पटलं. रुखमालाही पटलं, पण अट तीच. आणि एकेका बाईशी बोलता बोलता कळलं की अट सगळ्यांचीच तीच आहे. रुखमाचं कुलूप मोठं होतं एवढंच, बाकी प्रत्येक घरी कडी होतीच.

बाई म्हणाल्या, “कबूल. कोनी कोनाले पाह्यनार नाई.”

आता हे कसं साधणार, म्हणून मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुद्दाम डोकवायला गेलो. काय पाहावं! खोलीच्या चारी भिंतींना तोंड लावून लेकरं बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर घरून आणलेली फडक्यातली भाकर. प्रत्येकाची पाठ प्रत्येकाकडं. मधे रिकामा गंज आणि गंजाजवळ अनसूयाबाई, हात गुडघ्याला बांधून. सगळ्या गावाची लेकरं जणू काही गुन्हा करून उभी केली होती, फक्त बसून. मला हसू आवरेना.

“हासू नका,” बाई म्हणाल्या. “तुमचीच अट हाये. सांगा, तुमची पोरगी आज चांगली जेवली असं सांगू, का खरं सांगू?”

“खरं सांगा.”

“मुंग्या जेवल्या.”

मी पाहिलं. शेवंता भिंतीवरून जाणाऱ्या मुंग्यांच्या रांगेला भाकरीचा चुरा चारत होती. अगदी मन लावून. मुंग्या तिच्यासमोर खात होत्या, एकमेकींच्या देखत, आणि कोणाला नजर लागत नव्हती. मी घरी आलो आणि रुखमाला हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या वखरापाशी शेतात हजर. “भाऊ, नाटकाचं काजळ हाये का तुमच्याकडं? ते भुवयाचं?”

“हाये. काहून?”

“उद्या सकाळी ते घेऊन या. अन् नुसतं काजळ नाई, पुरे राकस बनून या.”

“जत्रा कुठं हाये आता?”

“जत्रा मी भरवतो. तुमी या.”

अशा वेळी प्रश्न विचारणारा माणूस मी नाही. मला भूमिका मिळाली होती. सकाळी गेरू, सफेदा, भुवया, सुळे, कमरेला घुंगरू, अशा थाटात मी गल्लीतून निघालो. बैल बुजले, म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि लेकरं पोचवायला आलेल्या सगळ्या बाया बालवाडीसमोर जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाईंनी मला ओट्यावर चढवलं, खानावळीच्या आवाजात म्हणाल्या, “बायांनो, हा मानूस कोन हाये?”

“नामदेवभाऊ,” कोणीतरी पदराआडून म्हणालं.

“जत्रेत याच्याकडं किती लोक पाह्यतात? एका गावचे का धा गावचे?”

“धा गावचे.”

“अन् काय नजरेनं पाह्यतात? पिरतीच्या? शिव्या देतात, मुठी वळतात, मेला तं टाळ्या वाजवतात! हे एवढी वाईट नजर एका मानसाले दर साली. मंग हा वाळला का?” त्यांनी माझ्या पोटावर चापट मारली. सगळ्या गल्लीला ऐकू गेली. “सांगा, वाळला का? दर साली फुगूनच राह्यला! कायच्यानं? तर या काजळानं. आपलं घरचं काजळ लेकराच्या गालापुरतं. हे राकसाचं काजळ. धा गावची नजर पेते अन् ढेकर देते!”

काय बोलणार! मी आयुष्यात इतका चांगला प्रवेश केला नाही, आणि मला त्यात एकही वाक्य नव्हतं. बायांमध्ये कुजबुज झाली. एकीनं माझ्या पोटाकडं निरखून पाहिलं, दुसरीनं मान डोलावली. पुरावा समोर उभा होता, आणि बराच रुंद होता. बाईंनी माझ्या हातून डबी घेतली, बोट बुडवलं आणि पितळी गंजाच्या कडेला ठसठशीत तीट लावली. “आता एकेका लेकराले लावाची गरज नाई. सगळ्याइचं जेवन या गंजात शिजन. नजर लागाची ते गंजाले लागन.” आणि बोटावर उरलेलं काजळ त्यांनी माझ्या गालाला पुसलं. “वाया नाई घालवाचं.” डबी मात्र त्यांनी परत दिली नाही, कोनाड्यात ठेवून दिली.

शिजवायचं काय, तेही त्यांनी आधीच ठरवलं होतं. कोणाच्या घरचं शिजलेलं कोणाला चालायचं नाही, म्हणून त्यांनी घराघरातून कोरडं मागून घेतलं. कोणाकडून ओंजळभर ज्वारी, कोणाकडून मुगाची डाळ, कोणाच्या परसातली मेथी, पाटलांकडून ताक. पाटलीणबाईंना कण्या हा पदार्थ ऐकूनच कसंतरी झालं. जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या त्या कण्या म्हणजे त्यांच्या मते गड्याचं जेवण. “आमचा नातू कन्या खाईन?” बाई म्हणाल्या, “नका पाठवू. तेवढ्याच दुसऱ्या लेकराले जास्त.” नातू आला. सगळेच आले असं मात्र नाही. दोन-तीन घरांनी पोरं शेवटपर्यंत पाठवली नाहीत, आणि बाई त्यांच्या दारावरून रोज मोठ्यानं हाका मारत जायच्या.

त्या दिवशीची पंगत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. गोल. मधे तीट लावलेला गंज, त्यातून डाळ-मेथीच्या कण्यांची वाफ. लेकरांची तोंडं पहिल्यांदा एकमेकांकडं. आणि लेकरांच्या रांगेत मी, सुळ्यांसकट, कारण बाईंनी हुकूम सोडला होता, “राकसानं पंगतीत बसाचं.” रुखमा दाराआड उभी होती. तिच्या मुठीत मीठ-मोहऱ्या होत्या, लागलीच दृष्ट काढता यावी म्हणून. बाईंनी प्रत्येकाच्या पानावर मूठभरच वाढलं. शेवंताच्या पानावर तर चिमूटभर. भरवायचं नाही, कोंबायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. “सांडू द्या. सांडलेलं मुंग्या खातात, त्याइले तं सवय हाये,” असं म्हणत त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

शेवंता बसून राहिली. पानाकडं पाहिलंसुद्धा नाही. तिच्या समोर पाटलांचा नातू, गुटगुटीत, दोन्ही हातांनी कण्या हाणत होता. हनुवटीवरून ताक ओघळत होतं. त्यानं बोटं चाटली, मग कोपर चाटलं, मग पान चाटलं. शेवंता त्याच्याकडं पाहत होती. असं जेवताना तिनं जन्मात कोणाला पाहिलं नव्हतं, आईशिवाय कोणी तिला पाहिलं नव्हतं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळे वटारले आणि मोठ्ठा घास घेतला, पुठ्ठ्याचा एक सुळा घासाबरोबर आत गेला. ती हसली... आणि पानातला चिमूटभर कण्यांचा गोळा उचलून तिनं तोंडात टाकला. चावला. गिळला. मग हात पुढं केला आणि म्हणाली, “मले अजून.”

दाराशी काहीतरी बारीक सांडल्याचा आवाज झाला. रुखमाच्या मुठीतल्या मोहऱ्या जमिनीवर पडल्या होत्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

त्यानंतरची वर्षं म्हणजे बाईंची दंगल. लेकरांना बशीतून चहा पाजायची नवी हौस गावात शिरली होती. बाई दुपारी घरोघर जाऊन बशीतला चहा ओतून द्यायच्या आणि वर “तुमाले पाह्यजे तं तुमी प्या” म्हणायच्या. आठवड्याच्या बाजारात गोडीशेव घेणारा बाप दिसला की भर बाजारात विचारायच्या, “भाऊ, लेकराले का दाताले घेऊन राह्यले?” मागच्या अंगणात हात धुवायच्या पाण्यावर त्यांनी शेवगा लावला, पपई लावली, अंबाडी लावली. पानात एकच रंग दिसला तर लेकरंच ओरडायची, “बाई, हिरवं राह्यलं!” एकदा परदेशी दुधाच्या भुकटीचा पिंप आला. लेकरं थुंकायला लागली, तेव्हा बाईंनी ती गुळासोबत कण्यांत मिसळली आणि मिटक्या मारल्या गेल्या. पिंपाच्या तळाशी उरलेली भुकटी आमच्या एका शेजाऱ्याला चुना वाटली. लेकीच्या लग्नासाठी त्यानं पाणी घालून ती दाराच्या चौकटीला फासली. वरात आली तेव्हा गावातली सगळी मांजरं त्या चौकटीला लागली होती. बाई पंगतीत बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

शेवंता मात्र भरत गेली. हळूहळू, पण भरत गेली. पहिलीच्या शाळेत गेली तेव्हा मास्तरांनी तक्रार केली की ही फार बोलते. मी त्यांना पेढे दिले.

एकदा मी बाईंना विचारलं होतं. दुपारची वेळ, लेकरं निजलेली, बाई गंज घासत होत्या. तिटेभोवतालचं सगळं चकचकीत, तीट तेवढी जागच्या जागी. इतक्या दिवसांच्या तिटा एकावर एक बसून तिथं काळा ठिपका घट्ट झाला होता. मी म्हणालो, “बाई, खरं सांगा. तुमी नजर मानता का?”

“मानतो तं!”

“शिकून आल्या अन् मानता?”

“भाऊ, एका लेकराची नजर दुसऱ्याच्या पानावर लागल्याबिगर त्याले भूकच लागत नाई. भिताडाकडं पाहून कोन जेवन? तुमी सगळे नजर लागू नये म्हनून दारं लावून राह्यले होते. मी नजर लागावी म्हनून मांडून बसली होती.” आणि माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले. “राकसाले नका सांगू.”

तोवर मी नजर लागणे हे दोन शब्द जन्मभर एकाच अर्थानं वापरले होते. रुखमाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तरी तीट लावत जाऊ द्या. लागो कशीबी, गंज तं आपला हाये.”

गेल्या हिवाळ्यात बाईंनी अंथरूण धरलं. पोट फुगायचं, पाय सुजायचे. वाशीमच्या औषधानं काही दिवस बरं वाटलं, मग ते औषधही बाटलीतच राहायला लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे त्या जेवेनात. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणारं माणूस, आणि समोरचं ताट बाजूला सारायचं. रुखमा रोज काहीतरी करून न्यायची, तसंच परत आणायची. हुरड्याचे दिवस होते. एका दुपारी ती पेज घेऊन निघाली तेव्हा शाळेतून आलेली शेवंता म्हणाली, “मी येतो.” आणि तिनं स्वतःच्या ताटात कण्या वाढून घेतल्या.

आम्ही तिघं गेलो. बाई भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. शेवंता त्यांच्या अंथरुणाच्या पलीकडं गेली, भिंत आणि बाई यांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसली आणि जेवायला लागली. बोटं चाटली. वाटीतलं ताक सुर्रकन प्याली. मुद्दाम आवाज करत होती, माझीच पोरगी ती! बाई पाहत राहिल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग कोरड्या ओठांवर हसू आलं.

“लबाड... माह्यावरच करून राह्यली का वं?”

“काय करून राह्यली? मी तं जेवून राह्यली.”

“नजर लागली बाप्पा तुह्या ताटाची,” बाई म्हणाल्या आणि तोंड उघडलं. शेवंतानं आपल्याच ताटातल्या कण्यांचा लहानसा घास केला, अगदी चिमूटभर, आणि त्यांना दिला. त्यांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्याला मान हलवली. शेवंतानं आग्रह केला नाही. कोंबायचं नाही, हे तिला त्याच बाईंनी शिकवलं होतं. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत, पण शेवंता रोज तिथं जेवायला जात होती, आणि रोज एक-दोन घास बाईंच्या पोटात जात होते. मला यात मोठं समाधान आहे. ऋण फिटलं असं मी म्हणत नाही, ते फिटायचं नाहीच. पण बाईंनी लावलेली पंगत त्यांच्यासाठीसुद्धा एकदा बसली.

जत्रेतलं नाटक झालं. गावानं ठरवलं, बाईंना नाटक फार आवडायचं, बंद ठेवायचं नाही. कोनाड्यातली डबी मी आणली नाही, भुवयांशिवायच मेलो. लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळलं नाही. आता बालवाडीत वाशीमकडची नवी बाई आली आहे. तरुण, उत्साही, गोड गळ्याची पोरगी. तिनं पहिल्याच दिवशी चिंच आणि राख घेऊन सगळी भांडी लखलखीत घासली, आणि गंजावरचा तो काळा ठिपकाही खरवडून काढला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी लेकरं गोल बसली, पानं वाढली गेली, आणि कोणी हात लावेना. तिनं कालवून पाहिलं, चाखून पाहिलं, गाणं म्हणून पाहिलं. शेवटी पाटलांच्या घरचं सगळ्यात धाकटं पोर गंजाकडं बोट दाखवून म्हणालं, “याले तीट नाई.”

ती बिचारी माझ्याकडं धावत आली. मी जाईपर्यंत शाळेतून शेवंता तिथं पोचली होती. कोनाड्यातली डबी तिला माहीत होती. तिनं बोट बुडवलं, गंजाच्या कडेला त्याच जागी तीट लावली, आणि बोटावरचं उरलेलं काजळ कुठं पुसावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं. मी दारात उभा होतो. ती आली, टाचा उंच केल्या आणि ते माझ्या गालाला पुसलं. आत लेकरं जेवायला लागली होती.

आता ती रोज शाळेत जायच्या आधी बालवाडीत जाते, तीट लावते आणि वाटेवर मला गाठते. एवढ्या मोठ्या राक्षसाला कोणाची नजर लागणार, असं मी तिला म्हणतो. ती म्हणते, वाया नाई घालवाचं. आज सकाळीही गाठलं. हा लेख लिहून होईपर्यंत मी ते पुसलेलं नाही.